सरकारी वकील कुणाचा? लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात बचाव पक्षाचे आक्षेप कसे वाचायचे

लैंगिक अत्याचाराच्या एखाद्या खटल्यात आरोपीच्या वकिलांनी सरकारी पक्षाच्या वागण्यावर आक्षेप घेतल्याची बातमी आली की आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. पीडित मुलगी आपल्या वस्तीतली असेल तर तो वकील विकला गेलेला ठरतो. आरोपी आपल्या वस्तीतला असेल तर तीच बातमी उलटी वाचली जाते आणि सरकारी वकील जातीयवादी ठरतो. दोन्ही वेळा नेमका आक्षेप काय होता, तो कायद्यात बसतो का, हे कुणी पाहत नाही. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या अशा खटल्यांनी आंबेडकरी समाजाला दोन्ही बाजूंना उभे केले आहे. खैरलांजीत आपण फिर्यादीच्या बाजूला होतो. कोपर्डीत आरोपींच्या पिंजऱ्यात दलित तरुण होते. दोन्ही खटल्यांत विशेष सरकारी वकील एकच होते, उज्ज्वल निकम. म्हणून हा विषय नीट समजून घेणे आपल्याला इतरांपेक्षा जास्त गरजेचे आहे.

आधी मूळ गोष्ट. सत्र न्यायालयातला प्रत्येक खटला सरकारी वकिलानेच चालवायचा असतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २२५ मध्ये हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते तसेच आहे. पीडितेचे कुटुंब स्वतःचा वकील देऊ शकते, पण त्या वकिलाला सरकारी वकिलाच्या देखरेखीखालीच काम करावे लागते. असे का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकूमचंद या निकालात दिले आहे. त्याचा आशय असा की, काहीही करून आरोपीला शिक्षा मिळवायचीच अशी तहान सरकारी वकिलाला असू नये. आरोपीच्या फायद्याची एखादी बाब असेल आणि त्याच्या वकिलाच्या नजरेतून ती सुटली असेल, तर ती न्यायालयापुढे आणणे हेही सरकारी वकिलाचेच काम आहे.

आपल्या लोकांना हे वाक्य पचत नाही. सरकारी वकील म्हणजे पीडितेचा वकील, अशीच आपली समजूत असते. तो राज्याचा वकील असतो आणि राज्याला निरपराध माणूस तुरुंगात जाऊ नये यातही तेवढाच रस असायला हवा, असा कायद्याचा आग्रह आहे. पोलिसांपासूनही त्याने अंतर ठेवायचे असते. तपास चालू असताना आरोपपत्र कसे लिहायचे, हे तपास अधिकाऱ्याने सरकारी वकिलाला विचारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. सरला प्रकरणात सांगितले. तपासाचे पाणी आणि खटल्याचे पाणी वेगवेगळ्या विहिरींतून आले पाहिजे.

सरकारी वकील या मर्यादेबाहेर गेला तर बचाव पक्ष काय म्हणू शकतो? सगळ्यात नेहमीचा आक्षेप कागदपत्रे दडवल्याचा असतो. पोलिसांनी तपासात दहा जबाब घेतले, आरोपपत्राला सात जोडले आणि उरलेले तीन आरोपीच्या बाजूचे होते, असे घडते. जेसिका लाल खुनाच्या खटल्यात २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला कागदपत्रे मिळण्याचा हक्क निष्पक्ष खटल्याशी जोडला. एप्रिल २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबद्दल निर्देश देताना सांगितले की, फिर्यादी पक्ष ज्यांचा आधार घेत नाही अशा जबाबांची आणि कागदपत्रांची यादीही आरोपीला मिळाली पाहिजे. दुसरा आक्षेप साक्षीदाराला पढवल्याचा असतो, तिसरा खटला चालू असताना बाहेर माध्यमांशी बोलून वातावरण तापवल्याचा.

या तिसऱ्या आक्षेपाचे सगळ्यात ठळक उदाहरण लैंगिक गुन्ह्याचे नाही, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकम यांनी स्वतःच सांगितले की, २६/११ च्या खटल्यात अजमल कसाबने मटण बिर्याणी मागितल्याची गोष्ट खरी नव्हती. त्याच्याविषयी तयार होऊ लागलेली सहानुभूती मोडण्यासाठी आपणच ती रचली, अशी त्यांनी कबुली दिली. कसाबविरुद्धचा पुरावा डोंगराएवढा होता. त्याला बिर्याणीची काहीच गरज नव्हती. तरीही देशभर लोक ती गोष्ट वर्षानुवर्षे खरी मानत राहिले. ज्या खटल्यात पुरावा एवढा नसेल आणि आरोपी एखाद्या गरीब वस्तीतला असेल, तिथे अशी एखादी गोष्ट किती काम करील याचा विचार आपण करायला हवा.

आता एक खटला जरा सविस्तर पाहू, कारण बचाव पक्षाचा आक्षेप म्हणजे काय हे त्यातून सगळ्यात स्वच्छ दिसते. मुंबईत महालक्ष्मीजवळच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात २२ ऑगस्ट २०१३ रोजी एका छायाचित्रकार पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर टेलिफोन ऑपरेटरचे काम करणारी एक मुलगी पुढे आली. त्याच ठिकाणी ३१ जुलैला तिच्यावरही असाच अत्याचार झाला होता. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशांपुढे, शालिनी फणसळकर-जोशी यांच्यापुढे, समांतर चालले. तीन आरोपी दोन्ही खटल्यांत होते. २० मार्च २०१४ रोजी दोन्हींत आरोपी दोषी ठरले.

इथपर्यंत कुणाला शंका घ्यायला जागा नव्हती. वाद त्यानंतर उभा राहिला. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ च्या दुरुस्तीने दंड संहितेत ३७६ ई हे नवे कलम आले होते. बलात्काराच्या गुन्ह्यात आधी शिक्षा झालेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्याला मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी देता येते. निकम यांनी मागणी केली की, टेलिफोन ऑपरेटरच्या खटल्यात हे तिघे दोषी ठरले आहेत, तेव्हा पत्रकार तरुणीच्या खटल्यात त्यांच्यावर ३७६ ई चा वाढीव आरोप ठेवावा. दोषी ठरवून झाले होते, शिक्षा सुनावणे बाकी होते. त्या अवस्थेत आलेली ही मागणी होती.

बचाव पक्षाने दोन मुद्दे मांडले. पहिला वेळेचा होता. आरोप बदलायचा तर निकालाआधी बदलावा, असे संहितेचे कलम २१६ सांगते. दोषी ठरवल्यानंतर नवा आरोप, तोही फाशीचा, कसा काय? सरकारी बाजूलाही कायद्याचा आधार होता. पूर्वीच्या शिक्षेचा उल्लेख आरोपात राहून गेला असेल तर शिक्षा सुनावेपर्यंत तो जोडता येतो, असे कलम २११ मध्ये आहे. दुसरा मुद्दा जास्त खोल होता. 'आधी शिक्षा झालेला' म्हणजे कोण? एकदा शिक्षा झाली, तरी सुधारला नाही आणि पुन्हा गुन्हा केला, असा माणूस या कलमाच्या डोळ्यापुढे आहे, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. इथे दोन्ही गुन्हे पहिल्या अटकेआधीच घडले होते आणि दोन्ही निकाल एकाच दिवशी आले होते. निकालांचा क्रम ठरवून फाशीचे कलम लावता येते का? वकील उच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने खटला थांबवला नाही. ४ एप्रिल २०१४ रोजी तिघांना फाशी सुनावली गेली.

पुढचा प्रवास लांबला. ३ जून २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ३७६ ई हे कलम घटनाबाह्य नसल्याचे सांगितले, म्हणजे त्या मुद्द्यावर बचाव पक्ष हरला. पण २५ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती साधना जाधव आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने तिघांची फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली. लोकांच्या संतापावरून शिक्षा ठरवता येत नाही, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे.

एक गोष्ट नीट पाहा. त्या सगळ्या आक्षेपांत मुलीच्या चारित्र्याचा एकही शब्द लागत नव्हता. ती तिथे का गेली, कुणाबरोबर गेली, हे विचारायची गरज नव्हती. प्रश्न फक्त सरकारच्या वागण्याचा होता: तुम्ही हा आरोप आत्ता का आणता, कोणत्या अधिकाराने आणता. बचाव पक्षाचा चांगला आक्षेप असाच असतो. तो सत्तेकडे तोंड करून उभा असतो.

वाईट बचाव कसा असतो, तेही विदर्भानेच देशाला दाखवले. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये पोलिसांना सोडले. तिला संबंधांची सवय होती हे तिथे महत्त्वाचे ठरले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवून शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले, तिच्या अंगावर जखमा नव्हत्या म्हणून. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेच्या पूर्वायुष्यावर प्रश्न विचारायला आज कायद्याची बंदी आहे. पॉक्सोच्या खटल्यात तर बचाव पक्षाचा वकील मुलाला थेट प्रश्नही विचारू शकत नाही. कलम ३३ प्रमाणे त्याने प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे. सरकारी वकिलालाही तोच नियम आहे.

तेव्हा 'आरोपीच्या वकिलाने आक्षेप घेतला' असे वाचल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा: आक्षेप कुणावर आहे? मुलीवर असेल तर त्याविरुद्ध रस्त्यावर या. सरकारी पक्षावर असेल तर थांबा आणि वाचा.

महालातल्या आमच्या अभ्यासवर्गात कोपर्डीचे नाव काढले की दोन-तीन जण तरी खुर्ची सरकवतात. तो विषय नको, असे त्यांना वाटते. १३ जुलै २०१६ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत मराठा समाजातल्या एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. गुन्हा अमानुष होता, त्यात कुणाचे दुमत असण्याचे कारण नाही. पण ९ ऑगस्टपासून जे मोर्चे सुरू झाले, त्यांत आरोपींना फाशीच्या मागणीबरोबर अॅट्रॉसिटी कायदा बदला, ही मागणी जोडली गेली. तीन माणसांवरच्या आरोपासाठी सगळ्या दलितांचे संरक्षण काढून घ्या, असा त्याचा अर्थ होता. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघे दोषी ठरले आणि २९ नोव्हेंबरला तिघांनाही फाशी झाली. एकावर प्रत्यक्ष बलात्कार आणि खुनाचा गुन्हा सिद्ध झाला होता, दोघांवर कट आणि चिथावणीचा. कट कशावरून सिद्ध झाला, त्यासाठीचा पुरावा फाशीएवढा होता का, हे विचारण्याचे काम त्यांच्या वकिलांचे होते. त्या दिवसांत ते काम करणे किती अवघड होते याची कल्पना एवढ्यावरून यावी की, न्यायालयाच्या आवारातच आरोपींवर हल्ला झाला. आपल्यातले बहुतेक जण त्या वकिलांच्या मागेही उभे राहिले नाहीत आणि त्यांचे मुद्देही वाचले नाहीत. गुन्हेगाराची बाजू घेतल्यासारखे दिसेल, ही भीती होती. ती भीती खरी होती, पण तिने आपल्याला गप्प केले.

खैरलांजीत तक्रार नेमकी उलटी होती. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आई आणि मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे आपली माणसे पहिल्या दिवसापासून सांगत होती. पहिले शवविच्छेदन ज्या तऱ्हेने झाले त्यावर आक्षेप आले, मृतदेह पुन्हा बाहेर काढावे लागले, तपास सीबीआयकडे गेला. तरी खटल्यात बलात्काराचा आरोप आलाच नाही. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी दिली आणि अॅट्रॉसिटीचा गुन्हा सिद्ध झाला नाही असे म्हटले. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने आठही जणांना २५ वर्षांची सक्तमजुरी दिली आणि हत्येमागे जात नसून सूड होता, असे मानले.

फाशी मिळाली म्हणून २००८ मध्ये पेढे वाटणारे आपल्यात होते. जात आणि लैंगिक अत्याचार हे दोन्ही शब्द खटल्यातून निसटले, हे बऱ्याच जणांच्या नंतर लक्षात आले. जे आरोपपत्रात नाही ते सरकारी वकील उभा करू शकत नाही, हे खरे. पण पुरावा असेल तर आरोप वाढवून मागण्याचा रस्ता कायद्यात आहे, आणि शक्ती मिलच्या खटल्यात तो शिक्षेच्या उंबरठ्यावरही वापरला गेला. खैरलांजीत तो का वापरला गेला नाही, हा प्रश्न आपण न्यायालयात विचारू शकलो नाही. निकालाविरुद्ध अपील करण्याचा स्वतंत्र हक्क पीडिताला ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला. भैयालाल भोतमांगे यांच्या खटल्याचा निकाल त्याच्या सव्वा वर्ष आधी लागला होता. त्यांच्या वतीने सगळे काही सरकारच ठरवत होते.

सरकारी वकील ढिला पडला तर काय होते, हे गुजरातच्या बेस्ट बेकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. तिथला सरकारी वकील बचाव पक्षासारखा वागला, असे म्हणत न्यायालयाने खटला मुंबईत नव्याने चालवायला लावला. म्हणजे सरकारी वकिलाच्या वागण्यावर आक्षेप घेण्याचा हक्क दोन्ही बाजूंना आहे आणि तो एकाच तत्त्वातून येतो. कोपर्डीच्या आरोपीचा तो हक्क आपण नाकारला, तर खैरलांजीच्या फिर्यादीसाठी तो कोणत्या तोंडाने मागणार?

बाबासाहेब स्वतः आरोपींचे वकील होते, हे आपण विसरतो. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' खटल्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि बागडे यांच्या बाजूने ते उभे राहिले. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, सगळा प्रतिष्ठित समाज कर्व्यांवर उलटलेला असताना, वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. तो खटला ते हरले. घटनेच्या कलम २२ मध्ये अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क आहे, आणि वकील संघांनी अमुक आरोपीचे वकीलपत्र घेऊ नका असे ठराव करणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. धम्मातही याची मुळे आहेत. विनयपिटकातल्या वाद मिटवण्याच्या सात रीतींत पहिली संमुखाविनय. ज्याच्यावर आरोप आहे तो समोर हजर असल्याशिवाय संघाला त्याच्यावर कारवाई करता येत नाही.

हे सगळे नाकारले तर काय उरते, ते बदलापूरने दाखवले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. लोक रेल्वे रुळांवर उतरले. सरकारने घाईने निकम यांना विशेष सरकारी वकील नेमले. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी भाजपतर्फे लोकसभा लढवली होती, म्हणून विरोधकांनी त्या नेमणुकीवर आक्षेप घेतला. आक्षेप रास्त होता, पण पुढे तो निरर्थक ठरला. २३ सप्टेंबरला मुख्य आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. दंडाधिकारी चौकशीने त्याच्या मृत्यूची जबाबदारी पोलिसांवर टाकली. त्याच्यापुरता खटला संपला. शाळेत त्या मुलींच्या बाबतीत नेमके काय घडले, कुणाला माहीत होते, कुणी दडवले, हे उलटतपासणीत जसे बाहेर येते तसे त्याच्याकडून आता कधीच येणार नाही.

नागपूरला याची चव आधीपासून आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादवला जिल्हा न्यायालयातच संपवले. वर्षानुवर्षे बलात्काराच्या तक्रारी घेऊन त्या पोलिसांकडे जात होत्या. त्यांना दोष देणे मला जमणार नाही. पण सरकारी यंत्रणेने आपले काम केले असते तर त्यांच्यावर ती वेळ आली नसती. आणि अलीकडचे उदाहरण आमच्या दाराशीच आहे. १७ मार्च २०२५ ला महालात दंगल झाली, आठवड्याभरात एका आरोपीच्या घरावर बुलडोझर चालला आणि त्याच दिवशी नागपूर खंडपीठाला कारवाई थांबवावी लागली. विषय वेगळा आहे, पण खटल्याआधी शिक्षा देण्याची घाई तीच आहे.

कुणी म्हणेल, आरोपीच्या वकिलाला एवढी मोकळीक दिली तर पीडितेचे काय? याचेही उत्तर नागपूरच्याच एका खटल्यात आहे. कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखाली लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल नागपूर खंडपीठाने १९ जानेवारी २०२१ रोजी दिला आणि देश हादरला. महान्यायवादी के. के. वेणुगोपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे आरोपीची बाजू विधिसेवा समितीतर्फे ज्येष्ठ वकील सिद्धार्थ लूथरा यांनी मांडली, तर राष्ट्रीय महिला आयोगातर्फे त्यांच्या बहीण गीता लूथरा उभ्या होत्या. आरोपीला उत्तम वकील मिळाला, त्याचे सगळे म्हणणे ऐकले गेले आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल रद्द झाला. उद्या 'त्याचे ऐकलेच नाही' असे म्हणायला कुणाला जागा राहिली नाही. मुलीच्या बाजूचा निकाल टिकतो तो असा.

आता कार्यकर्त्यांसाठी कामाचे. वस्तीतली मुलगी फिर्यादी असेल तर सरकारी वकील नेमला म्हणून घरी बसू नका. पॉक्सोच्या कलम ४० प्रमाणे कुटुंबाला स्वतःचा वकील देता येतो, परवडत नसेल तर विधिसेवा प्राधिकरणाने तो द्यायचा असतो. अॅट्रॉसिटीचा गुन्हा असेल तर १९९५ च्या नियमांतल्या नियम ४(५) खाली पीडिताच्या इच्छेने नामांकित ज्येष्ठ वकील नेमावा, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतो. कलम १५ अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीत पीडिताचे म्हणणे ऐकले जावे लागते, तशी नोटीस मिळाली नाही तर लेखी हरकत घ्या. आरोप निश्चित होण्याच्या तारखेला न्यायालयात हजर राहा आणि कोणती कलमे लावली, कोणती सुटली, ते आपल्या वकिलाकडून लिहून घ्या. खैरलांजीत जे सुटले ते या टप्प्याआधीच सुटले होते. मुलीचे नाव, फोटो, शाळा, वडिलांचे नाव कुठल्याही पोस्टरवर किंवा पोस्टमध्ये टाकू नका. तो गुन्हा आहे आणि आपल्याच मोर्चांत तो सर्रास होतो.

आरोपी वस्तीतला मुलगा असेल तर मोर्चा नको, मुलीच्या घरी दबाव तर नकोच. आरोपपत्राची पूर्ण प्रत मागा. नव्या संहितेप्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत ती मिळायला हवी. फिर्यादी पक्षाने ज्यांचा आधार घेतला नाही त्या जबाबांची यादी मागा. आणि वकील असा शोधा जो तुम्हाला 'पोरगी कशी आहे ते माहीत आहे' असे सांगणार नाही, तपासाची डायरी कुठे चुकली ते सांगेल.